पूर्वेच्या दाराचं घर

ज्या अंकाच्या मागच्या कव्हरवर दर दिवाळीला जाहिरातीत माझा हसरा फोटो असतो, त्याच्या आतल्या पानांत मी काहीतरी लिहावं, असं यंदा आमच्या मराठी मंडळाने सुचवलं. "मेधाताई, तुम्ही अर्ध्या ट्रॉयला घरं घेऊन दिलीत. गमतीजमती लिहा," संपादकबाई म्हणाल्या. गमतीजमती आहेतच. त्यांच्यापासूनच सुरुवात करते, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

मी रिअल इस्टेट एजंट आहे. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून मिशिगनमधल्या या ट्रॉय गावात आला, त्याच्या व्हिसावर मी आले, आणि बरीच वर्षं घरात बसून कंटाळले. काम करायची परवानगी मिळाल्या मिळाल्या परीक्षा देऊन लायसन्स काढलं. लोकांना वाटतं, कुलूप उघडायचं आणि दिवाणखाना दाखवायचा, झालं. खरं म्हणजे घेणाऱ्याला नेमकं काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं. ते आपण आधी ओळखायचं, आणि शोध त्यालाच लागला असं त्याला वाटू द्यायचं. बाकी सगळी कागदपत्रं.

आपल्या लोकांच्या बाबतीत हे सोपंही आहे आणि डोकेदुखीचंही. गोरं गिऱ्हाईक आधी स्वयंपाकघर बघतं. आपलं गिऱ्हाईक दारातच उभं राहून फोनमधलं होकायंत्र काढतं. मुख्य दार पूर्वेला असेल, तर छप्पर गळकं असलं तरी चालतं. एका कुटुंबाने तर व्यवहार पुरा व्हायच्या आत, घर दुसऱ्याच्या मालकीचं असताना, मुहूर्त टळू नये म्हणून पायरीवर नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने लिहिलं, 'पुढच्या पायरीला नवीन तडा, कारण अज्ञात.' कारण मला चांगलंच ज्ञात होतं. मी गुपचूप पायरी दुरुस्त करून दिली आणि तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं हा आमच्या धंद्यात मोठा गुण समजतात.

कायद्यानेही आमचं तोंड बांधलेलं असतं. "या भागात कोण लोक राहतात?" या प्रश्नाचं उत्तर एजंटने द्यायचं नसतं. एके काळी एजंटच काळ्या माणसांना एका बाजूला आणि गोऱ्यांना दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायचे. शहरंच्या शहरं त्यांनी अशी वाटून टाकली, म्हणून हा कायदा आला. पण आपल्याकडचा पहिला प्रश्न नेमका तोच असतो. "आसपास आपली माणसं आहेत ना?" मी हसून म्हणायचे, "काकू, मला सांगता येत नाही हं. तुम्ही फक्त समोरच्या दारावर काय लटकतंय ते बघा." समोर तोरण असायचं. घर दाखवायला नेताना गाडी मुद्दाम मंदिरावरून आणि आपल्या वाणसामानाच्या दुकानावरून घ्यायचे. एक शब्द बेकायदा बोलायचे नाही. या हुशारीचा मला भारी अभिमान होता. 'आपलं घर, आपल्या माणसांत' हा माझ्या जाहिरातीचा मथळा तुम्ही सगळ्यांनी वाचलेलाच आहे.

लायसन्स नवं करताना आम्हाला या कायद्याचा एक क्लास करावा लागतो. एरवी सगळे एजंट मागे बसून फोन चाळतात. त्या वर्षी शिकवायला मिसेस बीमन आल्या. वय नव्वदीकडे झुकलेलं, हातात काठी, डोक्यावर जांभळी हॅट आणि आवाज शाळेतल्या कडक बाईंचा. पाच मिनिटांत सगळ्यांचे फोन खिशात गेले.

त्यांच्या तरुणपणी डेट्रॉइटमधल्या काळ्या कुटुंबांकडे कारखान्यातल्या चांगल्या नोकऱ्या होत्या, गाठीशी पैसा होता, पण उपनगरांत कुणी घर दाखवत नव्हतं. 'आत्ताच विकलं', 'चावी हरवली', 'मालकांची बायको आजारी आहे'. लोक मोर्चे काढत होते. मिसेस बीमननी दुसरा रस्ता काढला. रविवारी चर्चमधून निघायचं आणि चर्चच्याच कपड्यांत, हॅट आणि हातमोजे घालून, जोडीजोडीने घरं बघायला जायचं. काळ्या जोडप्याला 'विकलं' म्हणून सांगितलेलं घर थोड्या वेळाने गेलेल्या गोऱ्या जोडप्याला मात्र मोकळं मिळायचं. ही गोरी जोडपीही त्यांनीच तयार केलेली. मग तो एजंट कोर्टात. असं एकेका गल्लीसाठी वर्षानुवर्षं चाललं. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या काचा फुटल्या. डगमगणाऱ्या माणसाच्या स्वयंपाकघरात मिसेस बीमन जाऊन बसायच्या, त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या, आणि तो नाही म्हणाला तर त्याच्या घरची भांडी विसळून परत यायच्या. त्याच्यावर रागवायच्या नाहीत.

"माणसं निवडणं हे खरं काम," त्या आम्हाला म्हणाल्या. "तापट माणसं मी मोर्च्याला पाठवायचे. घर बघायला थंड डोक्याची लागतात. पूर्ण नाव सांगायचं, 'थँक यू' म्हणायचं, ताठ बाहेर पडायचं. जे काय व्हायचं ते गाडीत बसल्यावर."

पूर्ण नाव सांगायचं, हे ऐकून मी दचकले. 'पूर्ण नाव काय तुमचं?' हा प्रश्न पुण्यात खोली शोधणाऱ्यांना कशासाठी विचारतात, ते मला कुणी शिकवायला नको होतं. मला रडू आलं. क्लास संपल्यावर मिसेस बीमन काठी टेकत माझ्यापाशी आल्या आणि माझं कार्ड मागून घेतलं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला त्यांचा फोन आला. नवरा वारलेला, गुडघे गेलेले, जिने चढवत नव्हते. जॉर्जियातल्या मुलीकडे कायमचं जायचं होतं, आणि त्याआधी घर विकायचं होतं. ते मीच विकावं, असं त्यांच्या मनात होतं.

घर ट्रॉयमध्येच, जुन्या मेपलच्या झाडांच्या गल्लीत. दार पूर्वेला. खोटं कशाला सांगू, माझं पहिलं लक्ष दिशेकडेच गेलं.

"हे घर मी पहिल्यांदा अंधारात बघितलं," मिसेस बीमननी सांगितलं. "कोर्टाच्या धाकाने एजंटला दाखवणं भाग होतं. त्याने मला दिवस मावळल्यावर बोलावलं, मागच्या दाराने आत घेतलं आणि दिवे न लावता टॉर्च घेऊन फिरवलं. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. भिंतींचा रंग मला इथे राहायला आल्यावर कळला." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "माझी एकच अट आहे. माझं घर तू उजेडात विकायचंस."

"अर्थात!" मी म्हणाले. उजेडात घर मोठं दिसतं, असाही विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. घर विकायला काढलं की मालकाच्या खुणा पुसायच्या. भिंतींवरचे घरच्यांचे फोटो काढायचे, फ्रिजवरची चित्रं काढायची. घेणाऱ्याला तिथे स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे. हे मी गोऱ्यांना सांगते, आपल्या लोकांना सांगते, तसंच त्यांनाही सांगितलं.

त्यांच्या दिवाणखान्यात एक मोठा फोटो होता. हॅट आणि हातमोजे घातलेल्या बायकांची रांग, मधोमध तरुण मिसेस बीमन. ती त्यांची रविवारची फौज. शेजारी कारखान्याच्या गणवेशातला नवरा.

"हे सगळ्यांनाच सांगतेस?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनाच, मिसेस बीमन."

"ठीक आहे. तुझं काम तुला कळतं."

मी फोटो उतरवले, गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवले, खिळ्यांची भोकं बुजवली. इथवर मी सगळ्यांसाठी करते तेवढंच केलं. मग मी त्यांच्या पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. बाथरूममधली केसांच्या तेलांची बाटली न बाटली खोक्यात भरली. भिंतीवर लटकवलेली चर्चची पाटी काढली. हे मी सगळ्यांसाठी करत नाही.

दिवाळी तोंडावर होती, आणि दिवाळीत माझी एक खास युक्ती असते. तीन घरं मी तिच्या जोरावर चढाओढीत विकली होती. दारावर झेंडूचं तोरण, पायरीवर छोटीशी रांगोळी आणि गॅसवर मंद आचेवर वेलची घातलेलं दूध. आपलं माणूस दारात आलं की अर्धं विरघळतंच. ओपन हाउसच्या रविवारी, म्हणजे ज्या दिवशी कुणीही येऊन घर बघू शकतं त्या दिवशी, मिसेस बीमन सकाळी चर्चला गेल्या. मालकाने त्या वेळी घरात थांबायचं नसतं, हीपण रीतच. त्यांची गाडी वळली तशी मी डिकीतून तोरण काढलं. त्यांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर का म्हणून सांगावं लागलं असतं.

सगळे पडदे उघडले. उजेड भरपूर होता.

गर्दी चांगली झाली. अमोल आणि त्याची आई आले. अमोल नागपूरचा, आयटीतला, गेली दोन वर्षं माझ्यामार्फत घर शोधत होता. आईंना मी काकू म्हणते. त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि या मुक्कामातच घर व्हावं म्हणून देव पाण्यात घालून बसल्या होत्या. अमोलने उंबऱ्यात उभं राहून होकायंत्र लावलं.

"पर्फेक्ट ईस्ट आहे यार, मेधाताई! आई, बघ."

काकूंनी तोरणाला हात लावून तो कपाळाला लावला. "किती प्रसन्न वाटतंय गं. घर बोलतं बघ माणसाशी."

मी त्यांना दिवाणखाना दाखवत होते आणि गॅसवरचं दूध साफ विसरले. करपल्याचा वास आला तशी काकूंना घेऊन स्वयंपाकघरात धावले. मिसेस बीमन तिथे होत्या. अंगाला बरं वाटेना म्हणून कुणीतरी त्यांना लवकर घरी सोडलं होतं, आणि गुडघ्यांमुळे त्या नेहमी गॅरेजच्या बिनपायऱ्यांच्या दाराने आत यायच्या. कोट आणि हॅट खुर्चीवर ठेवून, गॅस बंद करून, उतू गेलेलं दूध त्या फडक्याने पुसत होत्या.

"कामवाली पण चांगली ठेवलीये हो यांनी," काकू मला म्हणाल्या. "घरवाल्या आपल्याच का? मंडळातल्या?"

मी "हं" म्हणाले. 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही, नुसतं "हं". मराठीत हा एक फार सोयीचा शब्द आहे.

मग काकू मिसेस बीमनकडे वळल्या आणि मोठ्या प्रेमाने, अडखळत इंग्रजीत म्हणाल्या, "व्हेरी नाइस क्लीनिंग. यू कम अवर हाउस ऑल्सो?"

मिसेस बीमननी फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या. एक वाक्य पुरलं असतं. 'काकू, या घराच्या मालकीणबाई.' ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, मराठीतही होतं आणि इंग्रजीतही. दिवाणखान्यात अमोल सोफा कुठे ठेवायचा ते फोनवर बायकोला सांगत होता.

"चला काकू," मी म्हणाले, "वरच्या खोल्या बघूया."

पाठीमागून मिसेस बीमनचा आवाज आला, अगदी शांत. "मी एवढ्या एकाच घराचं काम करते, मॅम. पुष्कळ वर्षं झाली."

काकूंना ते उत्तर फार आवडलं. "इमानदार आहे," जिना चढताना त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी अमोलची ऑफर आली, आलेल्या सगळ्यांत उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन मी मिसेस बीमनकडे गेले. त्या टेबलापाशी बसल्या होत्या आणि समोर माझं तोरण व्यवस्थित घडी करून ठेवलं होतं. मी माफी मागायला सुरुवात केली, त्यांनी हात वर केला.

"इंग्रजीत बोलण्याआधी ती बाई तुला काय म्हणाली?"

मी सांगितलं. सगळं, शब्दाला शब्द.

"आणि तू काय म्हणालीस?"

तेही सांगितलं.

"त्या एजंटने निदान दिवे घालवायची तसदी घेतली होती," त्या म्हणाल्या. मग, "रडणारी माणसं मी माझ्या लोकांत कधी घेतली नाहीत. ज्याला रडू येतं त्याला वाटतं, आपलं काम झालं. तुझ्या बाबतीत मी नियम मोडला. म्हटलं, म्हातारपणी एखादा मोडून बघावा."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. डोळे भरून येत होते आणि त्यांच्यासमोर आता रडायचीही सोय उरली नव्हती.

अमोलची ऑफर नाकारा, मी दुसरं गिऱ्हाईक आणते, असं मी म्हणाले. त्या एकदम कडक झाल्या. "नको म्हणणाऱ्यांशी मी जन्मभर भांडले. मी कुणाला नको म्हणणार नाही. त्यांना परत बोलाव. पण आधी माझे फोटो लाव."

बुजवलेल्या भोकांवर मी पुन्हा खिळे ठोकले. त्या खुर्चीत बसून, डावीकडे, जरा वर, असं सांगत होत्या.

बुधवारी अमोल आणि काकू आले तेव्हा मिसेस बीमन पुढच्या दारात उभ्या होत्या, जांभळी हॅट घालून. मी म्हणाले, "काकू, या मिसेस बीमन. घर यांचं आहे." तीन दिवस उशिरा, पण म्हणाले. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. बाई वाईट नव्हत्या. "अगं बाई," असं पुटपुटत त्यांनी दोन्ही हात जोडले, "सॉरी, सॉरी" म्हणाल्या, पिशवीतला चिवड्याचा डबा त्यांच्या हातात दिला. मिसेस बीमननी तो घेतला आणि त्यांना फोटोतल्या एकेका बाईचं पूर्ण नाव सांगितलं. काकू मान डोलवत होत्या, पण त्यांची नजर सारखी ओट्याकडे जात होती.

पुढच्या सकाळी अमोलचा फोन आला. "मेधाताई, ऑफर कॅन्सल करावी लागेल. ॲक्च्युअली आई म्हणते, दिशा नीट वाटत नाहीये. वास्तूवाल्यांना पण विचारलं आम्ही."

"अमोल, होकायंत्र तूच लावलं होतंस."

"हो ना. पण यू नो, आई. आणि तसं काही नाहीये हं, प्लीज. आम्ही तसे नाही."

"समजू शकते," मी म्हणाले. खरोखरच समजू शकत होते, तेच तर वाईट होतं.

मिसेस बीमनना कारण सांगताना माझी मान वर होईना. पण त्या हसल्या, मोकळेपणी हसल्या. "विकलं, चावी हरवली, बायको आजारी. पुष्कळ कारणं ऐकली मी. दिशा हे नवीन आहे."

त्यानंतरचे सगळे रविवार त्या स्वतः दारात उभ्या राहिल्या, फोटो भिंतीवर आणि सगळे पडदे उघडे. घर विकायला हिवाळा लागला. कुणी घेतलं ते मी इथे लिहिणार नाही. ते लोक कोण, कुठले, हे मिसेस बीमननीही मला विचारलं नव्हतं. चावी दिली त्या दिवशी त्या पुढच्या दाराने, पायऱ्या उतरून गेल्या. गुडघे दुखत होते, तरी माझा हात त्यांनी घेतला नाही.

इथे थांबले असते तर मंडळाच्या अंकाला शोभेलशी गोष्ट झाली असती. पण उन्हाळ्यात अमोलचा पुन्हा फोन आला. "मेधाताई, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला?" मी नाही म्हणू शकले असते. नाही म्हटलं नाही. नव्या वस्तीत, दोन्ही बाजूंना तोरणं असलेलं एक घर त्यांना मिळवून दिलं. वास्तुशांतीला गेले, त्यासाठी नागपूरहून पुन्हा आलेल्या काकूंनी आग्रहाने दुसरी पुरणपोळी वाढली, ती खाल्ली.

यंदा जाहिरातीचा मजकूर पाठवायची वेळ आली तेव्हा तो जुना मथळा मला काही लिहवेना. मी मिसेस बीमनना फोन केला. का केला, नक्की सांगता येत नाही. जॉर्जियाच्या उकाड्याचं बोलून झालं, गुडघ्यांचं झालं. मग त्यांनीच विचारलं.

"त्या चिवडावाल्या बाईला घर मिळालं का?"

"मिळालं."

"तूच दिलंस?"

"हो."

"बरं झालं. डोक्यावर छप्पर सगळ्यांनाच हवं." मग, "दार कुठल्या दिशेला आहे?"

वास्तुशांतीच्या दिवशी दुपारची उन्हं पुढच्या दारातून थेट देवघरापर्यंत आली होती, काकूंनी त्या उन्हाकडे बघून 'लक्ष्मी आली' म्हटलं होतं, आणि आम्ही सगळे "हो हो" म्हणालो होतो.

"पश्चिमेला," मी म्हणाले.

पलीकडून हसू येईल म्हणून मी वाट बघत राहिले. ते आलं नाही.